बापाची रेघ

आमच्या प्रयोगशाळेत दिवसातून निदान चार वेळा कुणीतरी विचारायचं, "बाप सापडला का?" आणि दुसरं कुणीतरी वैतागून उत्तर द्यायचं, "पोरं ढीगभर आहेत, बापाचा पत्ता नाही." पनवेलसारख्या गावात असलं बोलणं चार भिंतींच्या आत किती दिवस राहणार? पोस्टमनने ऐकलं, चहावाल्याने ऐकलं, आणि एका दुपारी जरीकाठी उपरणं घेतलेले एक वजनदार गृहस्थ फाटकाबाहेर टांगा उभा करून आत आले. आधी त्यांनी दार लोटून घ्यायला लावलं. मग हलक्या आवाजात सांगितलं, की मयत धाकट्या भावाचा मुलगा जमिनीत वाटा मागतो आहे, आणि तो खरोखर भावाचाच की नाही हे तुमच्या मशीनवर कळतं असं बाजारात ऐकलं. मुलाला घेऊन येऊ, की नुसते केस चालतील?

आम्ही त्यांना चहा पाजला आणि समजूत घालून परत पाठवलं. त्यांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. समोरच्या पार्टीनं तुम्हाला आधीच गाठलेलं दिसतंय, असं म्हणून ते टांग्यात बसले.

या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा मला बढत्या आणि पगारवाढी आठवल्या नाहीत, हा बाप आठवला. आमच्या घरी दिवाळी नसते, पण शेजारपाजारून फराळाची ताटं इतकी येतात की दिवाळी अंकाला नाही म्हणणं मला शोभलं नसतं.

मी सारा पेझारकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावाकडे आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. आजोबांचा घाणा मी पाहिलेला नाही. माझे वडील कचेरीत कारकून होते आणि मी रसायनशास्त्र शिकले. तरीही आमच्या घरात तेलाची बाटली आणली की आधी तळहातावर थेंब घेऊन वास घेतला जायचा, आणि 'भेसळ' हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. तेल्याच्या नावाला तो शब्द एकदा चिकटला की त्याचं दुकान संपलं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

साठ सालानंतर पनवेलच्या आसपास कारखान्यांची धुराडी दिसायला लागली. आमचा कारखाना त्यातलाच, साबणाला आणि अत्तराला लागणारी सुगंधी द्रव्यं बनवणारा. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. सबनीस. परदेशात शिकून आलेले, बुद्धीने लखलखीत, स्वभावाने उतावळे. चहासुद्धा थंड व्हायची वाट न बघता प्यायचे आणि मग तोंड भाजलं म्हणून चहावाल्याला दोष द्यायचे. मला शनिवारची सुटी हवी होती, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: शनिवारी घरी, रविवारी कामावर. रविवारी एकटीने मशीन चालवायला मिळतं म्हणून मी खूश होते.

मशीन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. परदेशातल्या एका पेट्रोल शुद्ध करणाऱ्या कारखान्याने वापरून वापरून टाकून दिलेलं, आमच्या मालकांनी बोटीने आणवलेलं. त्याचं लोहचुंबक उतरवताना हमालांनी खालून वरून बघितलं आणि हे कुठल्या देवाचं असं विचारलं. त्याला बसवायला वेगळी खोली बांधली, जमीन जाड केली, आणि खिडक्यांना काळे पडदे लावले, कारण ज्या कागदावर ते आपलं म्हणणं लिहायचं तो कागद उन्हात तपकिरी होऊन जायचा.

आता हे काय करायचं ते सांगते. कुठल्याही पदार्थाचा रेणू इतका बारीक की त्याला तराजूत घालता येत नाही. पण त्याच्यावर विजेचा भार असेल तर विजेने त्याला पळवता येतं आणि चुंबकाने त्याची वाट वळवता येते. हलका जास्त वळतो, जड कमी वळतो. वळणावरून वजन कळतं. अडचण एवढीच की साधा रेणू विजेच्या बाबतीत निर्विकार असतो, चुंबक त्याला ओळखही दाखवत नाही. म्हणून आधी त्याला भार द्यावा लागतो, आणि आमच्या मशीनमध्ये हे काम मारून केलं जायचं.

आधी नमुन्याची वाफ करायची. ही वाफ हवा काढून टाकलेल्या कप्प्यात सोडायची. तिथे केसाएवढी धातूची तार लालबुंद तापलेली असायची आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटायचे. सत्तर व्होल्टच्या जोराने ते इलेक्ट्रॉन रेणूवर आदळले की रेणूतलाच एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जायचा आणि रेणूवर भार यायचा. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. पण तो दणका इतका असायचा की बहुतेक रेणू जागच्या जागी फुटायचे. मडकं फोडून खापऱ्यांवरून ते केवढं होतं हे सांगायचं, असा आमचा धंदा. कागदावर प्रत्येक खापरीची एक उभी रेघ यायची, डावीकडे हलक्या, उजवीकडे जड. जो रेणू भार घेऊनही फुटला नाही, अखंड राहिला, त्याची रेघ सगळ्यात उजवीकडे. इंग्रजी पुस्तकात त्या रेघेला जनकाचा मान दिलेला होता. आमच्याकडे तिचं झालं बाप, आणि खापऱ्यांच्या रेघा झाल्या पोरं. पोरं जन्माला घालते ती आई, तेव्हा आई म्हणा, असं मी एकदा सुचवून पाहिलं, पण आईचा पत्ता लागत नाही असं ओरडायला कुणाची जीभ धजेना. बापच राहिला.

बाप सापडला की निम्मं काम झालं. त्याच्या वजनावरून पदार्थ ओळखायचा आणि बाकीच्या रेघांवरून खात्री करायची. नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिला धडा हाच: उजवीकडची शेवटची ठळक रेघ म्हणजे बाप. आम्ही तो इतका घोकला होता, की एखाद्या घरात बापच नसेल ही शंका कुणाच्या मनात येत नव्हती.

मशीनचे नखरे सांगायचे तर अंक पुरणार नाही. एकदा हिंगाचा नमुना घातला, तर पुढे कितीतरी दिवस काहीही घाला, कागदावर हिंगच उमटायचा. चंदनाच्या तेलात हिंग, गुलाबात हिंग. डॉ. सबनीस म्हणाले, आता आमटीचा नमुना आणा, निदान तो तरी बरोबर येईल. पावसाळ्यात वीज गेली की पंप थांबायचे, आत हवा शिरायची आणि ती लालबुंद तार जळून जायची. नवीन तार बसवायची म्हणजे सगळं उघडायचं, पुन्हा हवा काढत बसायचं. आत उरलेली वाफ थंडीने गोठवून धरायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा, मुंबईहून त्याचं भांडं येईपर्यंत हात जोडून बसायचं. हे भांडं घेऊन येणारा ट्रकवाला वाटेत जेवायला थांबला की तिकडेच आमचा नायट्रोजन हवेत.

तर ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षीचा कार्तिक महिना. बेलपाड्याच्या वर, खारघरच्या डोंगरावर रोशा गवत फुलायचं. हे गवत हातात चुरडलं तर गुलाबासारखा वास येतो. त्याचं तेल काढायची भट्टी बेलपाड्यात चांगुणाबाई घरत चालवायच्या. नवरा मिठागरावर, भट्टी बाईंची. तांब्याची मोठी डेग, तिच्या तोंडाला चिखलाने लिंपलेली बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. दारूबंदीचे दिवस. धूर दिसला की पोलीस यायचे, डेगीचं झाकण काढून नाक घालायचे आणि अंगाला गुलाबाचा वास लावून परत जायचे. चांगुणाबाई म्हणायच्या, तेंच्या बायका मना दुवा देतान.

पाड्यातल्या आणि आसपासच्या बायका डोंगरावरून गवत कापून आणायच्या, चांगुणाबाई तेल काढायच्या, ते पनवेलच्या बाजारात हंसराजशेठ विकत घ्यायचे आणि त्यांच्याकडून आमच्या कारखान्यात यायचं. फुलावर असतानाच गवतात तेल असतं. फूल वाळलं की उरते ती काडी.

त्या कार्तिकातल्या एका शनिवारी मी घरी होते, पुढचं सगळं नंतर ऐकलेलं. मालकांनी मुंबईच्या पाहुण्यांना मशीन दाखवायला आणलं होतं, ठरल्या वेळेच्या बरंच आधी. योगायोगाने हंसराजशेठ रोशा तेलाचे डबे घेऊन आलेले. डॉ. सबनीस सकाळपासून मेणाच्या एका नमुन्यामागे होते. मेण जड, त्याची वाफ सहज होत नाही, म्हणून नमुना जिथे तापवतात ती लोखंडी पेटी त्यांनी भरपूर तापवून ठेवलेली. पाहुणे दारात. डॉक्टरांनी मेण बाजूला ठेवलं, समोरच्या डब्यातला थेंबभर तेलाचा नमुना घेतला आणि सगळ्यांसमोर आत सोडला.

रोशा तेलात मुख्य असतं ते जिरॅनिऑल, वजन एकशे चोपन्न. कागद बाहेर आला, त्यावर एकशे चोपन्नचा मागमूस नाही. उजवीकडची शेवटची ठळक रेघ एकशे छत्तीस. एकशे छत्तीस म्हणजे टर्पेंटाइन, रंगाऱ्यांचं. रोशा तेलात भेसळ करायची तर टर्पेंटाइनच करतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. टर्पेंटाइनची दुसरी ओळख म्हणजे त्र्याण्णवची उंच रेघ. तीही ताठ उभी होती. डॉक्टरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. पाहुण्यांनी मान डोलावली. मालकांचा चेहरा फुलला, कारण इतक्या महागड्या मशीनने त्यांच्या डोळ्यांदेखत चोर पकडला होता. हंसराजशेठनी तेवढं डब्याचं झाकण काढून पुन्हा वास घेतला. त्यांच्या नाकाला त्या तेलात टर्पेंटाइन लागलं नव्हतं. पण नाक फसतं, मशीन कशाला फसेल, असं म्हणून ते डबे घेऊन परत गेले, आणि संध्याकाळच्या आत पनवेलच्या बाजारात सगळ्यांना कळलं की बेलपाड्याची घरतबाई तेलात भेसळ करते.

रविवारी मी आले आणि तो कागद पाहिला. हे तेल मी आदल्याच हंगामात कितीदा तपासलं होतं. मग पेटीचं तापमान पाहिलं. काटा अजून वरच होता, मेणाच्या जागी. रोशा तेल मी नेहमी पेटी जेमतेम कोमट ठेवून आत सोडायचे. जिरॅनिऑल नाजूक जातीचं. तापलेल्या लोखंडाला टेकलं की ते आपल्यातलं पाणी सोडून देतं. पाण्याचं वजन अठरा. एकशे चोपन्नातून अठरा गेले की उरतात एकशे छत्तीस.

मी तो हिशेब कागदाच्या कोपऱ्यात मांडला. टर्पेंटाइन आणि पाणी गमावलेलं जिरॅनिऑल, वजनाने सख्खी जुळी भावंडं. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याने जे आत पोचलं त्याचं वजन सांगितलं होतं. आत पोचण्याआधी आपणच काय केलं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी चांगुणाबाई बसलेल्या. नऊवारी घट्ट नेसलेली, पुढ्यात त्याच तेलाची बाटली. रखवालदार त्यांना आत सोडत नव्हता. मला पाहून त्या उठल्या. रडत नव्हत्या, तावातही नव्हत्या. पाड्यातल्या बायकांनी गवत द्यायचं बंद केलं, एवढं त्यांनी सांगितलं. बायका म्हणत होत्या, तुझ्यापायी उद्या पोलीस आमच्या दारात येतील. डोंगरावर गवत फुलून उभं होतं आणि विळा घेऊन कुणी वर जायला तयार नव्हतं.

मी म्हटलं, मशीन पुन्हा लावून बघते. त्या म्हणाल्या, "बाय, तुमची मशीन खोटं नाय बोलत असं म्हनतान. मी बी नाय बोलत. मंग आमच्या दोघींच्या मधी कोन चुकतंय त्ये बघा."

मी ती बाटली घेऊन डॉ. सबनीसांकडे गेले. त्यांनी हिशेब बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला हे मला स्पष्ट दिसलं. हुशार माणसाला दुसऱ्याने समजावून सांगावं लागत नाही, हाच त्याचा त्रास असतो. पण ते लगेच सावरले. पेटी गरम होती हे मान्य, पण ती गरम होती म्हणून तेल शुद्ध होतं असं सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. पेटी थंड करून पुन्हा घ्या, म्हणाले.

पुन्हा घेतलं. त्र्याण्णवची रेघ खाली बसली, जिरॅनिऑलची ओळखीची एकोणसत्तरची रेघ उंच झाली. मी आशेने उजवीकडे पाहिलं. एकशे छत्तीस अजून होतीच, लहान पण ठळक. एकशे चोपन्नच्या जागी कागद कोरा. आदल्या हंगामातले माझे कागद काढले, तर त्यातही तेच. एकोणसत्तर दिसली की जिरॅनिऑल, असं समजून आम्ही पुढे जात होतो, बापाच्या जागेकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"बाप कुठाय?" डॉ. सबनीसांनी विचारलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मधल्या काळात मालकांची दोनदा चौकशी आली, बाईवर पोलिसांत तक्रार करायची का म्हणून. डॉक्टरांनी थांबा म्हणून सांगितलं, पण का थांबा ते सांगितलं नाही. त्यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. एकदा चहा पुढ्यात निवून गेला, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मग एका सकाळी ते आले ते थेट मशीनच्या खोलीत, आणि म्हणाले की पेटीने एकदा पाणी काढलं, ते आपण थांबवलं. पण आत इलेक्ट्रॉनचा दणका बसला की तोसुद्धा पाणीच काढतो. अल्कोहोल जातीच्या रेणूंचं हे दुखणंच आहे. अखंड रेणू राहतच नाही, म्हणून बाप दिसत नाही. "आपण फार जोरात मारतोय," ते म्हणाले. "दणका कमी करा."

सत्तर व्होल्टवरून मी काटा खाली आणत गेले. रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण नऊ-दहा व्होल्टचा जोर पुरतो, बाकीचा सगळा फोडाफोडीत जातो. म्हणून बारापर्यंत आणून थांबायचं होतं. आणि तिथेच तार जळली. नवीन बसवेपर्यंत आणि मुंबईहून नायट्रोजन येईपर्यंत कार्तिकातले चांगले दिवस निघून गेले. कामावर येताना मी डोंगराकडे बघायचे टाळायचे. गवताचा रंग रोज थोडा उतरत होता.

अखेर मशीन उभं राहिलं. बारा व्होल्टवर सगळ्याच रेघा इतक्या बारीक झाल्या की आवाज पूर्ण चढवून कुजबूज ऐकावी तसं वाचावं लागलं. पडद्याआड आम्ही दोघं कागदावर वाकलो. डॉक्टरांनी डावीकडून मोजायला सुरुवात केली, मी उजवीकडून. एकशे चोपन्न. अंधुक, पण होती. मग आम्ही खरं टर्पेंटाइन त्याच व्होल्टवर घेतलं. त्याची एकशे छत्तीस ठणठणीत उभी राहिली आणि तिच्या उजवीकडे काही म्हणजे काही नाही. मग बाईंच्या तेलात मुद्दाम थोडं टर्पेंटाइन मिसळून घेतलं, तेव्हा एकशे छत्तीस एकदम वर चढली आणि दोन्हींतला फरक शाळकरी पोरालाही दिसावा इतका स्पष्ट झाला. बाईंच्या तेलात टर्पेंटाइन नव्हतं.

रेणूला न फोडता भार कसा द्यायचा, हा प्रश्न फक्त आमचाच नव्हता, हे पुढे कळलं. दशक संपता संपता परदेशी मासिकांत नव्या पद्धती वाचायला मिळायला लागल्या. एकीत इलेक्ट्रॉनचा मारा मिथेन वायूवर करतात, आणि मग तो वायू आपल्याजवळचा भार नमुन्याच्या रेणूला देतो, शेजारणीने कुंपणावरून वाटी सरकवावी तसा. रेणूचं वजन एकाने वाढतं, पण तो सहसा फुटत नाही. दुसरीत सुईसारख्या अणकुचीदार टोकाजवळ विजेचा इतका ताण ठेवतात की रेणूतला इलेक्ट्रॉन नुसता ओढला जातो. डॉ. सबनीस ते लेख मला वाचायला द्यायचे आणि मी वाचेपर्यंत खिडकीशी उभे राहायचे.

पण तेव्हा आमच्याजवळ यातलं काही नव्हतं, होता तो बारा व्होल्टचा कागद. डॉक्टरांनी कारखान्याच्या शिक्क्याचं पत्र तयार केलं: पुन्हा केलेल्या तपासणीत तेल शुद्ध आढळलं. मालकांनी नाक मुरडलं, पण सही केली. पत्र घेऊन मी बेलपाड्याला गेले. चांगुणाबाई ओटीवर बसून भात पाखडत होत्या. अंगणातली डेग पालथी घातलेली. मी पत्र वाचून दाखवलं, समजावून सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"ही चिठी मी कोनाला दाखवू, बाय? मना वाचता येत नाय, बायांना येत नाय. आनी माझं नाव ज्यांनी घेतलं त्यांनी चिठी लिवून नाय घेतलं, तोंडानं घेतलं. तुमच्या साहेबांना सांगा, तोंडानं सांगा म्हनावं."

मी परत येऊन शब्दन् शब्द सांगितला. डॉ. सबनीस ऐकून घेत होते तोवर ठीक होतं, मग एकदम भडकले. आपण प्रयोगशाळेचे प्रमुख आहोत, बाजारात उभं राहून दवंडी पिटणारे नाही. पत्र दिलंय, विषय संपला. मी म्हटलं, त्या शनिवारी तुम्ही तोंडानेच सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर. ते खुर्ची मागे सारून खोलीबाहेर निघून गेले. मला वाटलं, माझी नोकरी गेली. घरी येऊन मी आईला तसं सांगूनही टाकलं. आई म्हणाली, तेल्याच्या नावासाठी गेली असेल तर जाऊ दे.

बाजाराच्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले. कोट घातलेला, टाय बांधलेला, पाहुणे यायचे असावेत तसे. म्हणाले, चला, मला ते दुकान माहीत नाही.

हंसराजशेठच्या दुकानासमोर भाजीवाल्या, मासळीवाल्या, मिठाच्या गोणी उतरवणारे, ही गर्दी. डॉक्टरांनी पाड्यावर निरोप धाडला होता, त्यामुळे चांगुणाबाई आधीच येऊन दुकानाच्या पायरीशी उभ्या होत्या, आणि रस्त्याच्या पलीकडे बेलपाड्याच्या चारपाच बायका पाट्या घेऊन बसलेल्या, इकडे न बघता बघत. डॉ. सबनीस पायरीवर चढले. हंसराजशेठ गादीवरून उठले. डॉक्टरांनी सुरुवात केली, की रेणूवर जेव्हा इलेक्ट्रॉनचा आघात होतो तेव्हा पाण्याचा रेणू निसटून जाण्याची शक्यता... लोक थांबून ऐकायला लागले आणि कुणाला काही कळेना. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. इतक्या हुशार माणसाला इतकं अडखळताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"साहेब, त्ये राहू द्या," चांगुणाबाई खालून म्हणाल्या. "माझं नाव घेऊन सांगा."

डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "चांगुणाबाई घरत यांच्या तेलात भेसळ नव्हती. चूक माझी झाली."

"आता त्या बायांकडं तोंड करून."

ते वळले. रस्त्यापलीकडे बघत त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच शब्दांत. बायकांनी खाली मान घातली. मला वाटलं, झालं. पण डॉ. सबनीस पायरीवरून उतरले नाहीत. बाजाराच्या दुसऱ्या अंगाला, मिठाच्या गोण्यांपाशी थांबलेल्या लोकांकडे वळून त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, कुणी न सांगता, आणि या वेळी आवाज चढवून. हंसराजशेठनी तिथल्या तिथे पुढच्या मालाचं बोलणं काढलं. चांगुणाबाई म्हणाल्या, आता गवत कुठंय? आणि पदर डोक्यावर सारखा करून निघून गेल्या.

मला चैन पडेना. पुढच्या रविवारी काम लवकर आटोपून मी बेलपाड्याला गेले. लांबूनच धूर दिसला. अंगणात डेग चुलीवर चढलेली, नळीचे सांधे ताज्या चिखलाने लिंपलेले, आणि ओटीला लागून गवताचा ढीग. बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या त्याच बायका डोंगरावरून आणखी भारे आणून टाकत होत्या. मी ढिगातली एक काडी उचलली, चुरडली, नाकाशी नेली. वास जवळजवळ नव्हताच. फुलं झडून कधीच गेलेली. यातून चमचाभर तेल निघालं तरी खूप, आणि जळण वाया जाणार ते वेगळंच.

मी चांगुणाबाईंच्या जवळ बसले आणि हळूच म्हटलं, की हे गवत वाळलेलं आहे, यात तेल नाही.

त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"म्हाईत हाय, बाय," त्या म्हणाल्या. "पन त्या घेऊन आल्या ना."